वाळींत टाकण्याचें नवें शास्त्र

वाङ्मयाचे प्रकार मोजतांना आपले टीकाकार नियमावलीला त्यांत स्थान देत नाहींत, आणि एका अर्थीं तें योग्यच आहे. मनोरंजनासाठीं नियम वाचणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. परंतु आजच्या मराठी माणसानें न वाचतां मान्य केलेला मजकूर कोणता असा प्रश्न निघाल्यास फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब इत्यादि कंपन्यांच्या नियमावलींचेंच नांव प्रथम घ्यावें लागेल. या मजकुराच्या आधारें रोज असंख्य लोकांचें लेखन पुसलें जातें, खातीं स्थगित होतात व कांहीं कायमचीं बंद पडतात. ज्या लेखनाच्या जोरावर दुसऱ्याचें लेखन नाहींसें करतां येतें, तें लेखन टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणें आम्हांस आतां बरें दिसत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत या नियमावलींचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे. कायद्याचा पंडित तें वेगळ्या रीतीनें करील. भाषा शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास जेवढें दिसतें तेवढेंच येथें मांडलें आहे.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ज्याला जें सुचेल तें त्यानें लिहावें आणि इतरांनीं तें निमूटपणें सोसावें, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. आणि भिवंडींत राहणाऱ्या मनुष्याला तसें म्हणवणारहि नाहीं. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशीं या गांवांत जी दंगल पेटली तिची चौकशी न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें केली. १९८४ सालीं पुन्हां तेंच घडलें. त्या काळीं अफवेला पायीं चालावें लागे, तरी ती घरें जाळून गेली. पुढें तिला वाहन मिळालें. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारलें, तें मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याची वार्ता मोबाइलवरून गांवोगांव पोंचली होती म्हणून. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतापुरती अशी मर्यादा घातली कीं आलेला निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये. ही मर्यादा म्हणजे विचारस्वातंत्र्यावर घाला होय असें ज्यास वाटत असेल त्यानें तें राईनपाड्यास जाऊन सांगावें. तेव्हां दंड असावा कीं नसावा याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. तो कोणीं द्यावा, कोणत्या शब्दांच्या आधारें द्यावा, आणि देण्यापूर्वीं कोणाचें ऐकावें, एवढाच प्रश्न उरतो; व तो लहान नाहीं.

या प्रश्नाची मराठी मुलुखाला जुनी ओळख आहे. ग्रामण्य हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांस कोशांत शोधावा लागतो, पण त्यांच्या पणज्यांना तो चांगला माहीत होता. ज्याच्यावर ग्रामण्य झालें त्याच्या घरीं भटजी येईना, न्हावी येईना, पंक्तीला कोणी बोलावीना, मुलीला स्थळ मिळेना. खातें बंद झालेल्या माणसाची स्थिति याहून हलकी आहे असें म्हणणाऱ्यांनीं आमच्या गांवच्या एखाद्या कापडव्यापाऱ्यास विचारून पाहावें. यंत्रमागावरून उतरलेल्या कापडाचा नमुना, त्याचा भाव, गिऱ्हाइकाची मागणी, दलालाचा होकार, सर्व कांहीं आतां त्या हाताएवढ्या पेटींतून चालतें. पेटी एके सकाळीं मुकी झाली कीं पेढीचें दार उघडें असूनहि पेढी बंद पडते.

१४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें जी मंडळी जमली होती त्यांच्यापुढें चहा ठेवण्यांत आला. मंडळींत रानडे, टिळक, गोखले असे पुरुष होते. गोपाळराव जोशी या विलक्षण गृहस्थानें त्या सर्वांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि चहाच्या पेल्यांतून जें वादळ उठलें तें दोन वर्षें शमलें नाहीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशीसाठीं शास्त्री नेमले गेले, आरोपींचें म्हणणें ऐकण्यांत आलें. टिळकांनीं आपली बाजू शास्त्राधारेंच मांडली. शेवटीं १८९२ सालीं रानड्यांनींहि प्रायश्चित्त घेतलें व त्यांच्या अनुयायांत त्यामुळें मोठी खळबळ उडाली. आज हें सर्व हास्यास्पद वाटतें. तें हास्यास्पदच होतें. तथापि हंसून झाल्यावर त्यांतील कार्यपद्धति पाहावी. आरोप कोणता, हें ज्याच्यावर तो होता त्यास ठाऊक होतें. तो कोणत्या वचनाच्या आधारें केला हें विचारतां येत होतें, व त्या वचनाचा निराळा अर्थ लावून दाखवितां येत होता. न्याय करणारे शास्त्री हाडामांसाचे असून त्यांच्यासमोर उभें राहतां येत होतें. आणि दंड मोजका होता. तो भोगला कीं मनुष्य पुन्हां पंक्तींत बसे.

यावरून आम्ही ग्रामण्याचे गोडवे गातों असें कोणीं समजूं नये. हा सगळा न्याय आंतल्यांचा आंतल्यांशीं होता. जो जन्मानेंच बाहेर, त्याला ना आरोपपत्र, ना चौकशी, ना प्रायश्चित्त. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२४ सालीं स्थापिलेल्या सभेचें नांव बहिष्कृत हितकारिणी, आणि १९२७ सालीं काढलेल्या पत्राचें नांव 'बहिष्कृत भारत'; हीं दोन नांवें उच्चारलीं कीं शास्त्र्यांच्या त्या नीटनेटक्या कार्यपद्धतीची किंमत किती हें कळून येतें. मुंबई राज्यानें १९४९ सालीं बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं आणलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं तो रद्द ठरविला. पुढें जातपंचायतींच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, व त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड ठेविला. कंपनीनें खातें बंद करणें आणि जातपंचायतीनें वाळींत टाकणें या कायद्याच्या दृष्टीनें अर्थातच भिन्न गोष्टी आहेत. कंपनी म्हणेल, आमचें घर, आमचे नियम, तुम्हीं आपण होऊन मान्य केलेले. पंचहि असेंच म्हणत असत.

आतां मूळ मजकुराकडे वळूं. या नियमावलींची इंग्रजी पाहिली तर ती दुर्बोध नाहीं. उलट ती अतिशय मवाळ, मित्रत्वाची, खांद्यावर हात ठेवून बोलणारी आहे. सर्वांस सुरक्षित वाटावें, सर्वांनीं एकमेकांस मान द्यावा, असें ती वारंवार सांगते. तिच्यांतील दोष या गोडव्याच्या आड दडलेला आहे. नियमाचें वाक्य हें कर्ता, कर्म व क्रिया स्पष्ट असलेलें वाक्य पाहिजे. येथें कर्ता सर्वत्र 'आम्ही' आहे, पण हा 'आम्ही' कोण हें शेवटपर्यंत कळत नाहीं. आणि शिक्षेच्या प्रसंगीं तर तोहि लुप्त होतो व कर्मणि प्रयोग सुरू होतो. खातें बंद केलें गेलें आहे, मजकूर काढला गेला आहे. ज्यास शिक्षा झाली त्यानें उत्तरादाखल वाक्य लिहावयाचें म्हटलें तर तें कोणास उद्देशून लिहावें हें त्यास समजत नाहीं. व्याकरणाची ही सोय राज्यकर्त्यांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे.

शब्दांचा सैलपणा हा दुसरा दोष, आणि त्याचें फळ आपण सरकारी कायद्यांत एकदां भोगलें आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तेव्हां पालघरच्या एका तरुणीनें त्या बंदविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या व दुसरीनें त्यांस पसंति दर्शविली. पालघर त्या वेळीं आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होतें. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढें पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली व खटलाहि मिटला. परंतु अटकेस आधार झालेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६अ तसेंच राहिलें. तें सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत रद्द केलें. त्या निकालांत न्यायालयानें केलेलें काम मूलतः शब्दपरीक्षणाचें आहे: त्रासदायक, गैरसोयीचें, अतिशय आक्षेपार्ह, या शब्दांची सीमा कोठें, असें विचारून ती कोठेंच नाहीं असें न्यायमूर्तींनीं दाखवून दिलें. तेथें न्यायालयाचें काम संपलें. परंतु तसलेच सैल शब्द कंपन्यांच्या नियमावलींत सुखानें नांदत आहेत, आणि तेथें त्यांची परीक्षा करणारें पीठ नाहीं.

यावर असें उत्तर येतें कीं कोणताहि शब्द अखेर सैलच असतो, अर्थ लावणाऱ्याच्या विवेकावर सोडल्यावांचून गत्यंतर नसतें. हें खरें आहे; पण विवेकालाहि शास्त्र असतें. मीमांसकांनीं वाक्याचें तात्पर्य ठरविण्याच्या ज्या खुणा सांगितल्या, आणि ज्यांचा उपयोग टिळकांनीं गीतारहस्याच्या आरंभीं केला, त्यांत उपक्रम व उपसंहार प्रथम येतात. ग्रंथ कोठें सुरू झाला व कोठें संपला हें पाहिल्याशिवाय मधल्या वाक्याचा अर्थ करूं नये, इतका साधा हा नियम आहे. विधान आणि अनुवाद यांतील भेदहि त्यांचाच. एखादी गोष्ट स्वतः सांगणें निराळें, आणि दुसऱ्यानें सांगितलेली खंडनासाठीं पुन्हां मांडणें निराळें. आतां २०१९ सालचें संजय हेगडे या ज्येष्ठ वकिलांचें प्रकरण घ्या. जर्मनींत १९३६ सालीं जहाजाच्या गोदीवर शेंकडों लोक हात उंचावून नाझी अभिवादन करीत असतां एकच मनुष्य हात बांधून उभा आहे, असें एक जगप्रसिद्ध छायाचित्र आहे. तें हेगडे यांनीं आपल्या ट्विटर-पानावर लाविलें होतें. त्या चित्रांत द्वेषाचें चिन्ह दिसतें या कारणानें त्यांचें खातें स्थगित झालें. नाझींना नमस्कार न करणाऱ्या माणसाचें चित्र नाझींचें म्हणून धरलें गेलें! पुढें दुसऱ्याच एका जुन्या मजकुरावरून, ज्यांत फांशीचा निषेध करणारी हिंदी कविता होती, खातें पुन्हां बंद झालें व तें प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयांत गेलें. आमच्या पदवीवर्गांत असा अर्थ लावणाऱ्यास आम्ही नापास केलें असतें. यंत्राला मात्र कोणी नापास करीत नाहीं, कारण त्याची उत्तरपत्रिका कोणासच पाहावयास मिळत नाहीं.

उपरोध, वक्रोक्ति, व्याजस्तुति यांवर जिची अर्धी शोभा उभी आहे त्या मराठीची या यंत्रापुढें काय गति होत असेल? येथें १९०८ च्या टिळकांच्या खटल्याचें स्मरण होतें. लेख मराठींत, लेखक मराठी, वाचक मराठी. आणि निर्णय देणाऱ्या नऊ पंचांत सात युरोपियन व दोन पारशी. त्यांच्यापुढें मूळ लेख आलेच नाहींत, आलीं तीं भाषांतरें. टिळकांनीं आपल्या दीर्घ भाषणांत कितीतरी वेळ त्या भाषांतरांतील शब्दांचे खरे अर्थ समजावून देण्यांत घालविला. पंचांचा कौल सातांविरुद्ध दोन असा पडला व २२ जुलै रोजीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तरी टिळकांस एक सोय होती. भाषांतर कोणतें केलें आहे तें त्यांच्या हातीं होतें, व तें चूक आहे असें त्यांस उभें राहून सांगतां आलें. आजच्या लेखकाच्या वाक्याचें कोणतें भाषांतर झालें, कीं मुळीं झालेंच नाहीं, हें त्याला कळावयास मार्ग नाहीं.

ही भीति काल्पनिक नाहीं. फेसबुकनेंच नेमिलेल्या देखरेख मंडळापुढें एका पंजाबी वापरकर्त्याचें प्रकरण गेलें होतें. त्याचा मजकूर काढून टाकण्यांत आला होता, खात्यावर बंधनें आलीं होतीं, आणि त्यानें दाद मागितली तेव्हां कोविडमुळें माणसें कमी असल्यानें तपासणी करतां येत नाहीं असें त्यास कळविण्यांत आलें. मंडळानें प्रकरण हातीं घेतल्यावर कंपनीनें आपली चूक मान्य करून मजकूर परत ठेविला. एप्रिल २०२१ मधील निर्णयांत मंडळानें नमूद केलें कीं भारतांत सुमारें तीन कोटी लोकांची भाषा असलेल्या पंजाबींत ही नियमावली उपलब्धच नव्हती. जो नियम वाचतां येत नाहीं तो मोडल्याबद्दल शिक्षा, असा हा प्रकार. मराठींत अशा नियमांचीं भाषांतरें होतात तेव्हां तीं यंत्राच्या हातचीं कीं माणसाच्या, हें पहिल्या परिच्छेदांतच समजतें. त्यांतील मराठी ही मराठी शब्दांनीं लिहिलेली इंग्रजी असते.

शिक्षेच्या प्रमाणाविषयीं थोडक्यांत. जानेवारी २०२१ मध्यें अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ट्रंप यांचें खातें फेसबुकनें बेमुदत बंद केलें. वर उल्लेखिलेल्या मंडळानें ५ मे २०२१ रोजीं बंदी उचलून धरली, परंतु बेमुदत बंदी ही कोणत्याहि निकषाला धरून नाहीं म्हणून कंपनीला दोषहि दिला. त्यानंतर ती दोन वर्षांची करण्यांत आली. त्या गृहस्थांच्या राजकारणाविषयीं कोणाचें कांहींहि मत असो, हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो, व तो पंचहौदच्या शास्त्र्यांनाहि समजला असता. प्रायश्चित्ताला शेवट असला पाहिजे. मात्र अध्यक्षांचें खातें बंद झालें म्हणजे मंडळ बसतें. सामान्यांचें होतें तेव्हां काय घडतें तें व्हॉट्सॲपच्या पहिल्याच भारतीय अहवालांत दिसतें. १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यांत सुमारें वीस लाख खातीं बंद झालीं. आणि त्याच काळांत कंपनीच्या तक्रारअधिकाऱ्याकडे भारतांतून आलेल्या सर्व प्रकारच्या तक्रारी ३४५. यांतील बहुतेक खातीं घाऊक जाहिराती धाडणारीं होतीं असें कंपनी म्हणते, आणि तें खरें असेलहि. परंतु वीस लाखांत चूक फक्त हजारीं एक धरली तरी दोन हजार निरपराध माणसें होतात, व तक्रारी तर सगळ्या मिळून साडेतीनशेंहून कमी. तक्रार नाहीं म्हणजे अन्याय नाहीं असें अनुमान काढणारा मनुष्य एक तर कंपनीचा नोकर असावा किंवा त्याला आपल्या लोकांचा स्वभाव माहीत नसावा.

सरकारनें यांत कांहींच केलें नाहीं असें नाहीं. २५ फेब्रुवारी २०२१ रोजीं जाहीर झालेल्या नियमांनीं पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असणाऱ्या कंपन्यांवर असें बंधन घातलें कीं आपण होऊन मजकूर काढावयाचा झाल्यास लेखकाला आधीं कारणांसह कळवावें व त्याचें म्हणणें मांडण्यास वाजवी संधि द्यावी. तक्रारीची पोंच चोवीस तासांत व निकाल पंधरा दिवसांत, असें मूळ नियमांत होतें. ऑक्टोबर २०२२ मध्यें त्यावर अपील-समित्यांची तरतूद झाली, आणि जानेवारी २०२३ मध्यें तीन समित्या नेमण्यांत आल्या. नियमाचें वाक्य म्हणून पाहिलें तर कारणें कळविण्याचें हें कलम चांगलें आहे; त्यांत कर्ता आहे, कर्म आहे, मुदत आहे. दोष आहे तो समित्यांत. त्या केंद्र सरकारनें नेमावयाच्या, आणि ज्या लेखनावरून तंटे होतात त्यांत सरकारवरील टीका थोडी नसते. ज्या यजमानाच्या घरची चूक काढावयाची त्याच यजमानानें पंच बसवावे, ही रीति ग्रामण्याच्या काळींहि संशयास्पदच मानली गेली असती. सरकारी कारभाराविषयींचा खोटा मजकूर कोणता हें सरकारी कक्षानेंच ठरवावें अशीहि एक दुरुस्ति २०२३ सालीं झाली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें कुणाल कामरा यांच्या खटल्यांत रद्द केली, आणि तेथेंहि पुन्हां 'खोटें', 'दिशाभूल करणारें' या शब्दांच्या सैलपणाचीच चर्चा झाली.

मग कंपनी नको, सरकार नको, तर हें काम करावें कोणीं? असें विचारणाऱ्यास आम्ही एक मराठी पुस्तक वाचावयास देऊं. सुरेश खोपडे १९८८ सालीं भिवंडींत पोलिस उपायुक्त होऊन आले. दोन दंगलींनीं पोळलेल्या या गांवांत त्यांनीं मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे लोक, आणि तेहि केवळ पुढारी नव्हत, तर फेरीवाले, रिक्षावाले, मागावर काम करणारे, ज्यांची एरवीं कोणी समितींत गणना करीत नाहीं असे. हे लोक नियमानें एकत्र बसत, पोलिसासमक्ष बोलत, अफवा उठली कीं ती कोठून आली याचा माग काढीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें जवळच मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. त्याचीच हकीकत खोपडे यांनीं 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या ग्रंथांत लिहिली आहे. ग्रंथ म्हणून तो पसरट आहे व लेखकास आपल्या प्रयोगाचें प्रेम अंमळ अधिक आहे, पण या विषयावर लिहिणाऱ्यानें तो टाळूं नये.

हजारों मोहल्ल्यांच्या जगाला एका गांवाचा हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. कोट्यवधि निरोपांपुढें दहा माणसांची बैठक कसली पुरी पडणार? परंतु त्या समित्यांत एक गुण असा होता कीं तो आकारावर अवलंबून नव्हता. त्यांतील सभासदांना मोहल्ल्याची बोली येत होती. कोणतें वाक्य शिवी आहे, कोणतें थट्टा आहे व कोणतें धमकी आहे, हें त्यांस कोणीं भाषांतर करून सांगावें लागत नव्हतें. ज्याला त्यांनीं दटावलें तो त्यांना नांवानें ओळखत होता, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींत त्यांच्यासमोर येऊन उलट जाब विचारूं शकत होता.